खर्ज विकत घेताना

या महिन्याच्या टपालात बेसच बेस, म्हणजे खर्जातलाच आवाज आहे. मागच्या अंकात मी सिंथवर (विजेवर स्वर घडवणाऱ्या सिंथेसायझरवर) चार ओळी लिहिल्या, त्याचा हा परिणाम. बहुतेक पत्रांचा रोख एकच: बेससाठी अ‍ॅनालॉग सिंथ घ्यावा की व्हर्च्युअल अ‍ॅनालॉग? उत्तरं मात्र वेगवेगळी देते आहे, कारण एकजण मांडवात वाजवतो, दुसरी तिच्या खोलीत, आणि तिसऱ्याच्या घरी मामांनी पाठवलेलं चाळीस वर्षांचं यंत्र येऊन पडलं आहे.

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीचा. आमचा हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आहे. मी कीबोर्डवर, सध्या रोलंडचा एक्सपीएस-१० वापरतो. बेस गिटारवाला सोडून गेला, तेव्हापासून बेस मीच डाव्या हाताने सांभाळतो. आता बेससाठी वेगळा सिंथ घ्यायचा आहे, पन्नास हजारांच्या आतबाहेर. पुण्याचा मेव्हणा म्हणतो, "घ्यायचा तर अ‍ॅनालॉगच घे. व्हर्च्युअल म्हणजे शेवटी कॉम्प्युटर, त्याच्या बेसला दम नसतो." माझ्या डोळ्यासमोर नोव्हेशनचा बेस स्टेशन टू आहे. शिवाय ओळखीतल्या एकाने रोलंडचा गाया एसएच-०१, म्हणजे व्हर्च्युअल, विकायला काढलाय. ऐकणाऱ्याला खरंच फरक कळतो का?

उत्तर : मेव्हण्याशी भांडण नको, घरचा मामला आहे. पण 'कॉम्प्युटर म्हणून दम नाही' हे त्याचं म्हणणं बेसच्या बाबतीत सगळ्यात कमी लागू पडतं.

अ‍ॅनालॉग सिंथमध्ये स्वराची लहर खरोखरच्या सर्किटमध्ये, व्होल्टेजच्या चढउतारातून तयार होते. तेच सर्किट कसं वागेल याचं गणित व्हर्च्युअल अ‍ॅनालॉगमधली चिप सेकंदाला हजारो वेळा करते. १९९५ साली स्वीडनच्या क्लाव्हिया कंपनीचा लालभडक नॉर्ड लीड आला आणि हे नाव रूढ झालं. मागोमाग रोलंडचा जेपी-८०००, अ‍ॅक्सेसचा व्हायरस असे बरेच आले. या गणिताची दुखरी जागा म्हणजे वरचे स्वर. करवती लहरीत (तिचा आकार करवतीच्या दातांसारखा) मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर असतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या यंत्राला २२,०५० हर्ट्झच्या वरचा उपस्वर मांडताच येत नाही. तो उलटा फिरून खाली येतो आणि भलत्याच जागी बेसूर किणकिणतो. याला एलियासिंग म्हणतात. आजच्या यंत्रांत त्यावर बऱ्यापैकी इलाज असतो, पण समजा नाही. १७६० हर्ट्झचा उंच ए हा पाश्चात्त्य स्वर वाजवला तर तेरावाच उपस्वर हद्द ओलांडतो आणि तो चांगला ठसठशीत असतो. ५५ हर्ट्झचा खर्जातला ए वाजवला तर हद्द गाठायलाच चारशे उपस्वर लागतात, आणि चारशेव्याचा जोर मूळ स्वराच्या चारशेव्या भागाइतका. मांडवाचं सोडा, रात्री दोन वाजता हेडफोन लावूनही तो सापडायचा नाही. ज्या दोषासाठी डिजिटल बदनाम झालं, तो दोष बेसमध्ये जवळपास उरतच नाही.

मग बेसचा दम जातो कुठे? दोन ऑसिलेटर (लहर तयार करणारे भाग) एकमेकांपासून जरासे हलवून आवाज जाड करायची सवय सगळ्यांना असते. तानपुऱ्याची जोडी केसभर उतरली की जो डोल ऐकू येतो, तसाच हा. ४४० हर्ट्झला पाच सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक ठेवलात तर डोल सेकंदाला साधारण सव्वा वेळा येतो. कानाला भरीव लागतो, छान. तेच पाच सेंट ५५ हर्ट्झवर ठेवले की एका डोलाला सहा सेकंदांहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समेवरचा बेस छातीवर आपटतो आणि पुढच्या आवर्तनात तोच स्वर पोकळ येतो. सगळ्यात वाईट क्षण कोणता, तर दोन करवती लहरी बरोबर अर्ध्या फेऱ्याने मागेपुढे होतात तो. त्या क्षणी मूळ स्वर पूर्ण कटतो आणि शिल्लक राहते एक सप्तक वरची करवत. तुमचं बोट जिथल्या तिथे आहे, बेस मात्र वर उडाला! ढोलकीवाला तुमच्याकडे बघतो, तुम्ही साउंडवाल्याकडे बघता, तो बिचारा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर करतो. फेडरने काही होत नाही, कारण ओढायला खाली काही उरलेलंच नसतं.

ज्या अ‍ॅनालॉग सिंथमध्ये ऑसिलेटर मोकळे फिरत असतात, तिथे प्रत्येक वेळी पट्टी दाबल्यावर लहरी कुठे सापडतील ते नशिबावर. बऱ्याच व्हर्च्युअल अ‍ॅनालॉगमध्ये पट्टी दाबली की लहर ठरावीक जागेपासूनच सुरू करायची सोय असते, म्हणून प्रत्येक ठोका सारखा बसतो. मेव्हण्याला हे जरूर ऐकवा. अर्थात अ‍ॅनालॉगवरही साधा उपाय आहे. पहिला ऑसिलेटर करवतीवर, एकटा, तळाला. दुसरा एक सप्तक वर नेऊन तिथेच काय ती गंमत करायची, हलवायचा तर तोच हलवायचा. सब-ऑसिलेटर (एक-दोन सप्तकं खाली वाजणारा जोडीदार) पहिल्यालाच बांधलेला असतो, तो पहिल्याशी भांडत नाही. तो थोडासा मिसळायचा. तळ हलणार नाही.

अ‍ॅनालॉगची खरी मिजास फिल्टरमध्ये, म्हणजे नको ते उपस्वर कापणाऱ्या भागात आहे. सिंथ बनवणारे बॉब मूग यांना त्यांच्या लॅडर फिल्टरचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं आणि पुढच्याच वर्षी त्यांचा मिनीमूग सिंथ बाजारात आला. ट्रान्झिस्टरच्या चार पायऱ्या, प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबलने वरचा आवाज कापणार. त्याच्यात जास्त जोराने सिग्नल घातला की कडा गोल होतात, आवाज जरा दाटतो. हाच मिनीमूग वादक कर्सी लॉर्ड यांनी हिंदी चित्रपटसंगीतात आणला. ही दाटण जुन्या आणि स्वस्त व्हर्च्युअल अ‍ॅनालॉगमध्ये थोडी कोरडी लागते, एकटा बेस वाजत असेल तर मला ती ओळखू येते. ऑक्टोपॅड, ढोलकी आणि दोन गायक एकदम सुरू असताना विचाराल तर पैज लावणार नाही.

याच फिल्टरची एक खोड मात्र मांडवात तुम्हाला नक्की भोवेल. लॅडर फिल्टरमध्ये रेझोनन्स (कापायच्या जागेजवळचा आवाज फुगवणारा नॉब) चढवत गेलात की तळ बारीक होत जातो. घरी हेडफोनवर 'वॉव' वाटलेला पॅच (नॉब लावून बनवलेला आवाज) स्टेजवर पिचपिचीत लागतो, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. इथे तुमच्या यादीतल्या गायाची बाजू उजवी आहे. त्यात तीन टोन असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा वेगळा फिल्टर. एक टोन तळासाठी रेझोनन्सशिवाय ठेवायचा, बाकी दोघांना काय नाचायचं ते नाचू द्या. गायाचा इफेक्टचा भाग मात्र बेससाठी बंद करा. आपल्याकडे साउंडवाला बहुतेक वेळा तुमची एकच जॅक घेतो नाहीतर डावं-उजवं मोनोत एकत्र करतो. कोरसचा इफेक्ट लावून दोन बाजूंना पसरवलेला बेस मोनोत आला की दोन्ही बाजू एकमेकांना खातात. व्हर्च्युअल अ‍ॅनालॉगचे फॅक्टरी पॅच दुकानात भारी वाटतात आणि स्टेजवर रोडावतात ते असे. दोष गणिताचा नाही, वरच्या सजावटीचा आहे.

आणखी एक. सब-ऑसिलेटर दोन सप्तकं खाली लावायचा मोह होईल. तळाचा ई म्हणजे ४१ हर्ट्झ, त्याच्या दोन सप्तकं खाली १० हर्ट्झ. माणसाला साधारण २० च्या खाली ऐकूच येत नाही. स्पीकरचा पडदा मात्र धापा टाकत आतबाहेर करतो, अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागतो आणि साउंडवाला तुमच्यावर डाफरतो. एकच सप्तक खाली, बस्स.

आता निकाल. फक्त बेससाठीच घेत असाल तर मी बेस स्टेशन टू घेईन, आणि तो अ‍ॅनालॉग आहे हे माझ्या कारणांच्या यादीत खाली येतं. त्यात पॅच साठवता येतात, मेडलेमध्ये दोन गाण्यांच्या मध्ये नॉब फिरवत बसावं लागत नाही. बेरिंजरच्या मॉडेल डी मध्ये किंवा आर्टुरियाच्या मायक्रोब्रूटमध्ये ही सोय नाही. घरी बसून वाजवायला छान, ऑर्केस्ट्रात तुमचे हाल. बेस स्टेशनचे ऑसिलेटर अ‍ॅनालॉग असले तरी त्यांचा सूर डिजिटल घड्याळ धरून ठेवतं, त्यामुळे डिसेंबरातल्या उघड्या मैदानावर तो उतरत नाही. पट्ट्या पूर्ण आकाराच्या, सब आहे, ओव्हरड्राइव्हला वेगळा नॉब आहे. पट्ट्या पंचवीसच आहेत, पण डाव्या हाताला तेवढ्या पुरतात. गाया जर निम्म्या किमतीत आणि सगळे स्लायडर न खरखरता मिळत असेल तर तो घ्या आणि उरलेल्या पैशात चांगला डीआय बॉक्स (सिंथ आणि मिक्सर यांच्या मध्ये लावायची डबी) घ्या. दोन्हीपैकी कशातूनही सत्तरच्या दशकातल्या गाण्यांसारखी बेस गिटार निघणार नाही हेही सांगून ठेवते. त्यासाठी तुमच्या एक्सपीएस-१० मधलाच सॅम्पल केलेला बेस बरा. सिंथ काढा डिस्कोला आणि कोळीगीतांच्या रीमिक्सला.

डीआय बॉक्स का म्हणाले? मांडवात जनरेटर, हॅलोजन, मिक्सर सगळं एकाच वायरीवर असतं. सिंथमधून ५० हर्ट्झची गुणगुण येते. तळाचा जी ४९ हर्ट्झचा. तुम्ही जी धरला की गुणगुण आणि स्वर मिळून सेकंदाला एक याप्रमाणे डुगडुगतात आणि सगळे म्हणतात सिंथ बिघडला. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलच्या वायरीचं ग्राउंड तोडणारं, बटण दाबा. सिंथ लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवत असाल तर आधी ते बंद करा, अ‍ॅडॉप्टर लावा.

प्रश्न : मी नागपूरला शिकते, हॉस्टेल सोडून आता दहा बाय बाराच्या खोलीत राहते. लॅपटॉपवर गाणी करते, पाच इंची मॉनिटर स्पीकर आहेत आणि एक मायक्रोकॉर्ग. माझा बेस खोलीत कधी खूप येतो, कधी अजिबात येत नाही, आणि मोबाइलवर तर गायबच. मायक्रोकॉर्ग व्हर्च्युअल अ‍ॅनालॉग आहे म्हणून असं होतं का? कॉर्गचा मोनोलॉग घेतला तर फरक पडेल? घरचे पैसे द्यायला तयार आहेत, त्यांचं मन बदलायच्या आत सांगा!

उत्तर : घरच्यांचे पैसे तूर्त घरातच राहू द्या. मायक्रोकॉर्ग निर्दोष आहे.

दहा फूट अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झची लहर उभी राहते. म्हणजे तुमचा तळाचा ए. भिंतीला टेकून बसलात तर तो घुमेल आणि खोलीच्या मधोमध बसलात तर जवळपास नाहीसा होईल. त्याच्या आजूबाजूचे स्वरही कमीजास्त तसेच. आत्ता एक करून बघा: तो ए धरून ठेवायचा (पट्टीवर रबर लावा किंवा लॅपटॉपवरून लूप करा), आणि खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत जायचं. कुठे पोटात घुसतो आणि कुठे विरतो ते कळेल. मग टेबल सरकवा. बरोबर मध्यावर खुर्ची नको. लांबीच्या साधारण एक तृतीयांश-दोन पंचमांशावर डोकं येईल असं बसा. गादी आणि कपड्यांचं कपाट कोपऱ्याच्या बाजूला असेल तर थोडी मदत होते, फार नाही. पाच इंची मॉनिटर पन्नासच्या खाली तसेही फारसं देत नाहीत, तेव्हा तळाची खात्री हेडफोनवर करायची.

मोबाइलचं वेगळं आहे. त्याच्या इवल्या स्पीकरमधून ५५ हर्ट्झ निघूच शकत नाही, मिनीमूगचा असो की देवाचा. पण आपला कान लबाड आहे. ११०, १६५, २२०, २७५ असे उपस्वर त्याला मिळाले की मुळात नसलेला ५५ तो स्वतःच भरून काढतो. म्हणून बेसमध्ये उपस्वर पाहिजेत. गोल गोल साइन लहरीचा बेस मोबाइलवर मरतो आणि जरा खरवडलेला बेस जगतो. मायक्रोकॉर्गमध्ये डिस्टॉर्शन आहे ते थोडं लावा, नाहीतर लॅपटॉपवरच सॅच्युरेशनचा कुठलाही प्लगइन. फिल्टरचा कटऑफ (जिथून तो वरचा आवाज कापायला लागतो ती जागा) तुम्ही नक्कीच फार खाली ठेवत असणार, सगळे ठेवतात. तो थोडा उघडा.

एवढं करूनही मोनोलॉग हवासा वाटला, तर बेसच्या उपचारासाठी नको, मजेसाठी घ्या. छोटा आहे, सहा पेन्सिल सेलवर चालतो, सोळा पायऱ्यांचा सिक्वेन्सर (भरलेले स्वर आपोआप वाजवणारा भाग) आहे आणि पडद्यावर लहर जिवंत दिसते. फिल्टर फिरवताना करवतीचे दात कसे झिजतात ते डोळ्यांनी बघायला मिळतं, शिकणाऱ्याला याहून चांगला मास्तर नाही. आणि फारसं कोणी बोलत नाही ती गोष्ट: त्यात पट्ट्यांचे सूर स्वतः बदलता येतात. आपला कोमल ऋषभ आपल्या जागी ठेवायची हौस असेल तर इतक्या स्वस्त यंत्रात ही सोय क्वचितच मिळेल.

प्रश्न : सॉफ्टवेअरचा सिंथ पुरेसा नाही का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : पुरेसा आहे.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहितो. मामा पंचवीस वर्षं जपानमध्ये होते, परत येताना त्यांनी त्यांचा रोलंड जुनो-१०६ मला दिला. तिकडून आणलेला ट्रान्सफॉर्मर लावूनच वाजवतो. बेस अप्रतिम आहे. पण एकेक पट्टी वाजवत गेलं की पाच स्वर चांगले आणि एक खरखरीत, परत पाच चांगले, परत एक खरखरीत. पट्टी तीच असली तरी कधी नीट वाजते, कधी नाही. गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने पट्ट्यांचे रबर बदलायला सांगितलेत. मित्र म्हणतात विकून टाक आणि नवीन व्हर्च्युअल घे.

उत्तर : रबर बदलू नका, पैसे वाया जातील. तुम्ही स्वतःच रोगाचं निदान लिहून पाठवलं आहे.

जुनो-१०६ हा १९८४ चा, सहा आवाजांचा सिंथ. पट्ट्या दाबल्या की तो आपले सहा आवाज पाळीपाळीने कामाला लावतो. पट्टीला रोग असता तर तीच पट्टी दरवेळी खरखरली असती. दर सहावा स्वर खरखरतो याचा अर्थ सहातला एक आवाज आजारी आहे. प्रत्येक आवाजाला ८००१७ए नावाची एक काळी चिप असते, राळेसारख्या लेपात बुडवलेली. तो लेप वयपरत्वे गुण बदलतो, त्यातून वीज झिरपते आणि फिल्टर खरखरू लागतो. जगभरातल्या जुनोंचा हा ठरलेला आजार आहे, तुमच्या मामांनी काही केलेलं नाही. 'की ट्रान्सपोज' नावाचं बटण दाबून धरून मशीन चालू करा. टेस्ट मोड लागेल आणि कुठला आवाज वाजतोय त्याचा आकडा दिसेल. खरखर आली की आकडा टिपून घ्या. मग जाणत्या माणसाकडून तेवढी चिप काढून नवी बसवून घ्यायची. या चिपच्या नव्याने बनवलेल्या प्रती मिळतात. लेप अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून जुनीच चिप वाचवणारेही आहेत. पण हे काम टीव्हीवाल्याला देऊ नका. तो हुशार असेल, तरी या बोर्डावर डिसोल्डरिंग करताना तांब्याचे पट्टे उखडले तर पुढचा खर्च चिपहून मोठा. मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या बाजूला किंवा पुण्यात जुने सिंथ उघडणारे कारागीर आहेत, वाजवणाऱ्यांकडे चौकशी करा.

ट्रान्सफॉर्मर वापरताय हे वाचून जीव भांड्यात पडला. जपानी मशीन १०० व्होल्टचं असतं. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीतरी उत्साहाने सरळ २३० मध्ये खुपसू नये म्हणून त्या वायरला लाल चिकटपट्टी लावून ठेवा. कोकणातला पावसाळा स्लायडरांचा वैरी आहे. वापर नसेल तेव्हा झाकण आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि अधूनमधून सगळे स्लायडर खालीवर करत राहायचे.

विकण्याबद्दल: मुळीच नको. 'अ‍ॅनालॉग म्हणजे सतत सुरातून उतरणारं' हा समज तुमच्या जुनोला लागू नाही, त्याचा सूर डिजिटल घड्याळावर बांधलेला आहे. बेससाठी त्याच्यात एक छुपी मेजवानीही आहे. हाय-पासचा, म्हणजे तळ कापणाऱ्या फिल्टरचा, चार टप्प्यांचा स्लायडर बघा. त्याच्या सगळ्यात खालच्या टप्प्यावर तळ कापला जात नाही, उलट वाढतो. सब-ऑसिलेटर अर्धा, कोरस बंद, स्लायडर तळाला, आणि पॉली वन-पॉली टू ही बटणं एकदम दाबून सहाही आवाज एका पट्टीवर. अर्थात आधी तो आजारी आवाज बरा करा, नाहीतर प्रत्येकच स्वर खरखरेल. रोलंडनेच पुढे जेयू-०६ए असं छोटं डिजिटल रूप काढलंय, ते चांगलं आहे. फिरतीवर न्यायचं असेल तर ते घ्या आणि मामांचा जुनो घरी ठेवा.

प्रश्न : मी डीजे आहे, आता स्वतःचं लाइव्ह करायचंय. रोलंडच्या टीबी-३०३ या जुन्या बेसयंत्राचा तो चिवचिवणारा, वळवळणारा बेस पाहिजे. मूळ यंत्राची किंमत ऐकून हात आखडले. बेरिंजरचा टीडी-३ अ‍ॅनालॉग आहे, रोलंडचा टीबी-०३ डिजिटल. कुठला? (ठाणे)

उत्तर : टीडी-३. इथे मात्र मी अ‍ॅनालॉगच्या बाजूने आहे, तेही किंमत बघून. टीबी-०३ वाईट नाही. पॅटर्न भरायला तो सोपा आहे, डिले (प्रतिध्वनी) आत आहे, आणि मूळ यंत्राची नक्कल त्याला उत्तम जमते. पण टीडी-३ खूपच स्वस्त मिळतो, डिस्टॉर्शन आतच आहे, आणि ३०३ ची खरी गंमत ज्या सर्किटमध्ये आहे ते सर्किटच त्यात आहे.

कुठली गंमत, ते जवळून बघा. ३०३ मध्ये एखाद्या स्वराला अ‍ॅक्सेंट (जोर) दिला की तो मोठा होतो, फिल्टर जास्त उघडतो आणि स्वर लवकर मिटतो. इथवर कुणीही करेल. पण अ‍ॅक्सेंटचे स्वर लागोपाठ आले तर आतल्या कपॅसिटरमधला भार पुढच्या स्वरापर्यंत पूर्ण उतरलेला नसतो. त्या उरलेल्या भारावर नवा भार चढतो, म्हणून दुसरा स्वर पहिल्याहून वर किंचाळतो आणि तिसरा दुसऱ्याहून. ओळीत चार अ‍ॅक्सेंट टाका आणि रेझोनन्स चढवा, लगेच कळेल. चांगले डिजिटल हेही गणितात बसवतात, पण मग दोघांत निवड किमतीवर येते.

हे यंत्र १९८१ साली एकट्या गिटारवाल्याच्या साथीला बेस गिटार म्हणून काढलं होतं. बेस गिटारसारखं ते कधीच वाजलं नाही, १९८४ ला उत्पादन बंद झालं, जुन्या बाजारात कवडीमोल झालं, आणि १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाच्या रेकॉर्डवरून अ‍ॅसिड हाऊस हा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्माला आला. ही गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. पण तुमच्या ठाण्यापासून लोकलच्या अंतरावर, मुंबईत, त्याच्या पाच वर्षं आधी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले चरणजित सिंग याच ३०३ ला टीआर-८०८ या तालयंत्राची आणि ज्युपिटर-८ सिंथची जोड देऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवत होते. १९८२ ची ती तबकडी तेव्हा कुणी फारशी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर डोळे विस्फारले. त्यांना अ‍ॅसिड करायचं नव्हतं, राग करायचा होता, आणि ३०३ चा स्लाइड एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतो तो त्यांना मींडेच्या कामी आला. सेट तयार करताना तुम्हीही एखादी रात्र मेजर-मायनर बाजूला ठेवून कलावती घेऊन बसा. पाचच स्वर आहेत, सोळा पायऱ्यांत मस्त बसतात.

प्रश्न : लातूरला सिंथ वाजवून बघायला दुकान नाही. पुण्याला एकाच फेरीत निर्णय घ्यायचा आहे. दुकानात काय बघू? जुना मिळाला तर काय तपासू?

उत्तर : स्वतःचे हेडफोन न्या, दुकानातल्या स्पीकरवर आणि त्या सेल्समनच्या बोटांवर विसंबू नका. फॅक्टरी पॅच बाजूला ठेवा. कोरा पॅच लावा: एक ऑसिलेटर, करवत, फिल्टर पूर्ण उघडा, इफेक्ट बंद. तळाचा ए धरून ठेवा आणि कटऑफ हळूहळू खाली आणा. आवाज गुळगुळीत उतरतो की पायऱ्या-पायऱ्यांनी, ते कान देऊन ऐका. काही जुन्या डिजिटल यंत्रांत नॉबला १२८च पायऱ्या असतात आणि त्या बेसमध्ये टिकटिक ऐकू येतात. मग कटऑफ मध्यावर ठेवून रेझोनन्स चढवा, तळ किती जातो ते बघा. मग दुसरा ऑसिलेटर मिसळून हलवा आणि तोच ए सातआठ वेळा सारख्या जोराने मारा. प्रत्येक ठोका सारखा येतो का? पट्टी धरून वीसेक सेकंद थांबा, डोल किती खोल जातो तेही कळेल.

डाव्या हाताने बेस आणि उजव्याने दुसरं काही वाजवणार असाल तर दोन पट्ट्या एकदम दाबून बघा. एक-आवाजी सिंथ कुठला स्वर निवडतो, खालचा की नंतरचा? मिनीमूग खालचा धरतो, पुष्कळ नवे नंतरचा. काहींत हे बदलता येतं.

जुना असेल तर दुकानदाराला म्हणा, मी यायच्या तासभर आधी चालू करू नका. थंड मशीन चालू करून सूर तपासा, चहा पिऊन या आणि परत तपासा. खऱ्या व्होल्टेजवर चालणाऱ्या जुन्या ऑसिलेटरला गरम व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्यात थोडा सूर हलला तर घाबरू नका. पण गरम झाल्यावरही खालचा ए आणि तीन सप्तकं वरचा ए एकमेकांशी जुळत नसेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. प्रत्येक नॉब, प्रत्येक स्लायडर, सगळ्या पट्ट्या. मागच्या जॅकमध्ये वायर घालून हलवून बघा. आणि पाठीवरचं व्होल्टेजचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू देऊ नका, दुकान कितीही मोठं असो.